रंग न धरणारं प्लॅस्टिक

पावसाळा ओसरला की नाशिकच्या वॉशिंग सेंटरांवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि त्या दिवसांत एक गोष्ट हमखास बघायला मिळते. जेटचा फवारा पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर बसतो आणि वर्षभरापूर्वी मारून घेतलेला रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. तळहाताएवढा तुकडा, एकसंध. मालक चिडतो आणि रंग हलका होता म्हणतो. पण तो पापुद्रा उचलून उलटा करून बघावा. मागची बाजू गुळगुळीत असते. पुट्टी, प्रायमर, रंग, लॅकर हे सगळे थर एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. आणि तो जिथून निघाला तिथलं काळं प्लॅस्टिक कोरं करकरीत, जणू त्याला कधी रंग लागलाच नव्हता. म्हणजे रंगात खोट नव्हती. रंगाने प्लॅस्टिकला कधी धरलंच नव्हतं.

घरी बंपर दुरुस्त करायला बसणाऱ्याने म्हणूनच आधी प्लॅस्टिकचा विचार करावा आणि रंगाचा नंतर. या कामात जे बिघडतं त्यातलं बरंचसं बंपरला पत्र्यासारखं वागवल्यामुळे बिघडतं. पत्र्यावर ठोकून, घासून, लांबी भरून, प्रायमर मारून रंग देण्याची रीत आपल्याकडच्या कारागिरांच्या हातात मुरलेली आहे आणि पत्र्यासाठी ती उत्तमच आहे. बंपर मात्र पत्र्याचा राहिला नाही, त्यालाही आता बराच काळ झाला.

अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीला क्रोम चढवलेला पोलादी बंपर असायचा, महिंद्राच्या कमांडर जीपला सरळ पोलादी पट्टी. वाकला तर ठोकून सरळ करायचा, गंजला तर घासून रंगवायचा. फ्रान्समध्ये १९७२ साली आलेल्या रेनॉ ५ या छोट्या गाडीने प्लॅस्टिकचे बंपर लावले, पुढच्याच वर्षी अमेरिकेत ताशी ५ मैलांच्या वेगाने धडक बसली तरी गाडीचे दिवे आणि सुरक्षेची यंत्रणा शाबूत राहिली पाहिजे असा नियम लागू झाला आणि बंपर या भागाचा नव्याने विचार सुरू झाला. हलकं, हव्या त्या आकारात ओतता येणारं, धक्का बसल्यावर दबून परत मूळ आकाराला येणारं काहीतरी हवं होतं. नाशिककरांनी हा बदल आपल्याच शहरात घडताना पाहिला आहे. महिंद्राच्या इथल्या कारखान्यातून १९९६ मध्ये फोर्ड एस्कॉर्ट बाहेर पडली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली, २००७ मध्ये लोगन. २०१८ मध्ये मराझोचं अनावरणही नाशिकमध्येच झालं. या सगळ्या गाड्यांच्या तोंडावर जे आहे ते खरं तर बंपरचं आवरण आहे. धक्का सोसणारी धातूची आडवी बीम त्याच्या मागे लपलेली असते. आपण घरी दुरुस्त करतो ते हे आवरण. बीम घरच्या दुरुस्तीचा विषय नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

काम सुरू करण्यापूर्वी टॉर्च घेऊन बंपरच्या आतल्या बाजूला बघावं. चाकाच्या कमानीजवळ किंवा खालच्या कडेला दोन बाणांच्या टोकांमध्ये रोमन लिपीत उठवलेली काही अक्षरं सापडतात: पीपी, अधिकचं चिन्ह, ईपीडीएम, आणि पुढे टी किंवा टीडी आणि २० असा आकडा. बंपरची ही जन्मपत्रिकाच म्हणायची. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. जूलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये मिलानला ते घडवलं आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झीगलर यांच्यासोबत मिळालं. ईपीडीएम हे रबर, दाराच्या कडांना असतं त्याच जातीचं. थंडीत पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होऊन फुटू नये म्हणून ते मिसळतात. टी म्हणजे टाल्क, शंखजिऱ्याची पूड, आणि २० म्हणजे ती २० टक्के. तिच्यामुळे बंपरला ताठपणा येतो आणि उन्हात त्याचं माप फारसं बदलत नाही.

काही ठिकाणी एबीएस असं लिहिलेलं सापडेल, विशेषतः जाळीवर किंवा बाहेरून बसवलेल्या शोभेच्या भागांवर. त्या प्लॅस्टिकचा स्वभाव अगदी वेगळा आहे. ते रंग सहज धरतं. अक्षरं सापडलीच नाहीत तर एक परीक्षा सांगतात: तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ असल्यामुळे ते तरंगतं हे खरं, पण २० टक्के टाल्क पडलं की घनता पाण्याच्या थोडी वर जाते आणि बंपरचा तुकडा बुडतो. त्यामुळे या परीक्षेवर भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक हलकेच टेकवावं, मोकळ्या हवेत. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा मेणचट वास आला तर पॉलिप्रॉपिलीन, उग्र गोडसर वास आला तर एबीएस.

रंग पॉलिप्रॉपिलीनला का धरत नाही? त्याच्या लांबलचक रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात. विजेचा धन-ऋण भार जिथे किंचित इकडेतिकडे झुकलेला असतो अशा जागा रंगाचे आणि गोंदाचे रेणू पकडीसाठी शोधतात, आणि इथे तशा जागाच नाहीत. शिवाय पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी की द्रव पसरत नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो. झटपट चिकटणारा गोंद बंपरच्या तड्याला लावला की तासाभरात निघतो, तो याच कारणाने. एपॉक्सीचा गोळा काही दिवस टिकतो आणि पहिल्या खड्ड्याला सुटतो.

कारखान्यात यावर दोन उपाय करतात. एक, गॅसची ज्योत बंपरवरून वेगाने फिरवतात. प्लॅस्टिक वितळायच्या आत वरच्या अतिसूक्ष्म थराचं ऑक्सिडेशन होतं आणि पकडीच्या जागा तयार होतात. यंत्रमानवाच्या हाताला ते नेमकं जमतं, घरी ब्लोटॉर्च घेऊन कुणी करू नये. दुसरा उपाय घरी करता येतो: अॅढिजन प्रमोटर. क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन विरघळवलेलं हे पातळ, जवळजवळ पाण्यासारखं द्रावण. त्यातले रेणू पॉलिप्रॉपिलीनच्याच कुळातले असल्याने पृष्ठभागात थोडे शिरतात आणि त्यांच्या क्लोरीनच्या टोकाला वरचा प्रायमर धरतो. जेटखाली निघालेल्या त्या पापुद्र्याच्या मुळाशी बहुतेक वेळा याच एका थराची अनुपस्थिती असते. रंगाच्या दुकानात ‘प्लॅस्टिक प्रायमर’ मागितला तर स्कूटरच्या एबीएस पॅनेलला चालणारा प्रायमरही हातात पडू शकतो. डब्यावर पीपी किंवा टीपीओ (पीपी आणि रबराच्या अशाच मिश्रणाचं नाव) यांचा उल्लेख आहे का, हे वाचूनच घ्यावा.

आता नुकसान काय झालं आहे ते बघू. नुसता खळगा पडला असेल, रंग फुटला नसेल, तर नशीब चांगलं. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशकात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याने बंपर वितळण्याची भीती नाही. खळग्यावर उकळतं पाणी संथ धारेने ओतायचं, जाड हातमोजे घालून मागून दाबायचं, जागेवर आला की लगेच गार पाणी. गोलसर खळगा बऱ्याचदा एका दमात वर येतो. घडी पडल्यासारखी धारदार रेघ उमटली असेल तर ती पूर्ण जात नाही. वाकलेल्या जागी प्लॅस्टिक पांढरं पडलेलं दिसतं, ते आत पडलेल्या असंख्य सूक्ष्म पोकळ्यांमुळे. हीट गनने बेताने ऊब दिली की पांढरेपणा बराच कमी होतो, पण ती जागा थोडी दुबळी झालेली असते हे लक्षात ठेवावं.

तडा गेला असेल तर मात्र वेल्डिंगला पर्याय नाही. हेच काम शिकण्यासारखं आहे, कारण ज्या गुणामुळे पॉलिप्रॉपिलीन गोंदाला दाद देत नाही त्याचा इथे अडथळा येत नाही. ते वितळून स्वतःशी उत्तम जुळतं. बंपर काढून घेतला तर काम सोपं होतं. स्क्रू चाकाच्या कमानीत, खालच्या कडेला आणि बॉनेटखाली वरच्या पट्टीवर असतात. फॉग लॅम्प आणि सेन्सरच्या वायरी हलक्या हाताने सोडवायच्या आणि त्याआधी बॅटरीची ऋण बाजू काढून ठेवायची. क्लिपा निघताना तुटतात, त्यांची पाकिटं स्पेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात. आधीच आणून ठेवावीत.

आधी साबणाने स्वच्छ धुवून वाळवायचं. तड्याच्या दोन्ही कडा समोरून जुळवून त्यावर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी ताणून लावायची, म्हणजे दर्शनी बाजू एका पातळीत राहते. तडा जिथे संपतो त्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं. हे भोक पुष्कळ जण टाळतात, आणि महिन्याभरात तडा पुढे सरकतो. तड्याच्या अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटलेला असतो, गोल भोकाच्या काठावर तो वाटला जातो. मग आतल्या बाजूने तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच घ्यायची, जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल.

खाच भरायला पॉलिप्रॉपिलीनचीच कांडी लागते. विकतची मिळते, पण त्याच बंपरच्या आत वळलेल्या, कधीही न दिसणाऱ्या कडेची पातळ पट्टी कापली तर जात तंतोतंत जुळते. सोल्डरिंग आयर्न चपट्या टोकाचं घ्यावं. खाचेच्या तळाचं प्लॅस्टिक वितळून चमकायला लागलं की पट्टी त्यात दाबत सरकवायची, अर्धा-पाऊण सेंटिमीटर एका वेळी. वरून ओतलेलं प्लॅस्टिक तळाशी मिसळलं नाही तर गार झाल्यावर नखाने उचकटता येतं आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं. धूर निघाला, कडा तपकिरी झाल्या की समजावं उष्णता जास्त झाली. जळलेल्या प्लॅस्टिकमध्ये बळ राहत नाही. खाच भरल्यावर तड्यावर आडवी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी ठेवून टोकाने आत दाबायची, जाळीच्या भोकांतून प्लॅस्टिक वर येऊन तिला गिळून टाकतं. पुढची खाच मागची बाजू पूर्ण गार झाल्यावर, उथळच. खोलीत पंखा, उघडी खिडकी आणि तोंडाला मास्क हवाच.

त्यानंतर घासकाम. पत्र्यावर सराव झालेला हात इथे पहिल्यांदा बुचकळ्यात पडतो. ८० नंबरचा पेपर फिरवला की पत्रा घासला जातो, बंपरवर मात्र लव उगवते. मिश्रणातलं रबर कापलं जाण्याऐवजी ताणलं जातं आणि बारीक तंतू उभे राहतात. जोर लावला तर प्लॅस्टिक तापतं आणि लव आणखी वाढते. म्हणून दाब कमी, हात संथ, आणि धारदार ब्लेड आडवं धरून तंतू खरवडून टाकायचे. मग १८० नंबर, मग २४०. ज्या भागावर कंपनीचा रंग शाबूत आहे तो खरवडून काढायची गरज नाही. कारखान्यातला तो थर घरी मारलेल्या कुठल्याही थरापेक्षा चांगला बसलेला असतो, त्यालाच नीट घासून पाया मानावा. फक्त रंग आणि उघडं प्लॅस्टिक यांची सीमा बोटांना जाणवणार नाही इतकी उतरती करावी. डोळे मिटून बोट फिरवलं तर जी पायरी लागते ती रंगानंतर उन्हात दिसतेच.

पुट्टी बंपरसाठीची, लवचिक असलेली घ्यावी. पत्र्याची साधी पॉलिएस्टर लांबी वाळल्यावर कडक होते, बंपर दाबला की तिला भेगा पडतात. जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या वर नको. खळगा त्याहून खोल असेल तर तो प्लॅस्टिकनेच वर आणायला हवा. हार्डनर साधारण १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर उरलेला पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग होऊन फुटतो, पांढऱ्या गाडीवर तर पिवळट छटा उमटते. प्रमोटर पुट्टीच्या खाली लागतो की नाही ते पुट्टीच्या डब्यावर लिहिलेलं असतं. बऱ्याच पुट्ट्यांना लागतो.

स्वच्छता हा भाग लोक सर्वांत घाईत उरकतात. गाडीला लावलेल्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, त्याचा अंशही राहिला तर रंग त्या ठिकाणाहून मागे सरकून गोल खड्डे पडतात. त्यांना पेंटर ‘फिश आय’ म्हणतात. नवा, बिनरंगी बंपर आणला असेल तर साच्यातून तो सुटावा म्हणून वापरलेलं द्रव्य त्याच्यावर असू शकतं, तेही धुवायला हवं. आधी साबण आणि कोमट पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ग्रीस काढणारं द्रावण, दोन फडक्यांनी: एकाने लावायचं, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकच फडकं फिरवलं तर मळ नुसता पसरतो. त्यानंतर उघड्या हाताचा स्पर्श नाही. प्रमोटरचे एक-दोन पातळ हात उघड्या प्लॅस्टिकवर, थोडे कडेच्या जुन्या रंगावर. हा थर घासायचा नसतो आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच त्याच्यावर प्रायमर जायला हवा. प्रायमरचे दोन-तीन हात, पूर्ण वाळल्यावर ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी वापरून घासणं.

आता रंग, आणि रंगाच्या आधी हवा. नाशिकमध्ये हा विचार केल्याशिवाय डबा उघडू नये. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवेत ओल जास्त असेल तर बाष्प त्या थंड थरावर जमतं, रंगात अडकतं आणि चकाकीऐवजी पांढरट धुरकटपणा येतो. जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊच नये. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते म्हणून मोह होतो, पण पहाटेचं दव आडवं येतं. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एक आकडी उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत सकाळी बंपरचं प्लॅस्टिक हवेहूनही थंड असतं, हात लावला तर ओलसर लागतं. दवाची धास्ती काय असते हे इथल्या द्राक्ष बागायतदाराला विचारावं. भुरी-डाऊनीच्या काळजीने तो जसा पहाटे हवेचा अंदाज घेतो तसा पेंटरनेही घ्यायला हवा. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत उलटी अडचण. थेंब बंपरपर्यंत पोचायच्या आत अर्धे सुकतात, पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि उन्हाळी वाऱ्यासोबत धूळ येते ती वेगळीच. दिवाळीच्या आगेमागेचे काही आठवडे आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा नाशिकमधला सर्वांत भरवशाचा काळ. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३.

जागा निवडताना शेजाऱ्यांचाही विचार हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडालेला रंगाचा फवारा चार गाड्या पलीकडच्या काचेवर जाऊन बसतो. गच्चीवर, वारा पडलेला असताना, तीन बाजूंनी ताडपत्री बांधून आणि जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून काम करावं. स्प्रे कॅनमधला दाबाचा वायू आणि थिनर दोन्ही ज्वालाग्राही असतात. जवळ गॅसचा गीझर, शेगडी, देवघरातली तेवती समई काही नको. कॅन थंड असेल तर कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवावा, गरम पाण्यात कधीच नाही. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

रंगाचा कोड गाडीच्या पाटीवर किंवा स्टिकरवर असतो, बॉनेटखाली किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबाला. कोड देऊन रंग बनवून कॅनमध्ये भरून देणारी दुकानं नाशिकमध्ये आहेत. पण कोड जुळला म्हणजे रंग जुळला असं नाही. गाडी पाच-सहा वर्षं उन्हात उभी राहिली की छटा सरकते. शिवाय कारखान्यातच पत्र्याचा रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात आणि प्लॅस्टिकचा त्यापेक्षा बराच कमी तापमानाला, कारण जास्त उष्णतेत बंपर वाकडा होईल. त्यामुळे नव्या गाडीचाही बंपर आणि फेंडर नीट बघितले तर कधीकधी सूक्ष्म फरक दिसतो. म्हणून एका जाड पुठ्ठ्यावर प्रायमर, रंग, क्लिअर असे सगळे थर मारून नमुना करावा, वाळल्यावर बंपरला टेकवून उन्हात आणि सावलीत, समोरून आणि तिरकस बघावा. मेटॅलिक रंगात तर ही पायरी वगळूच नये. त्यातल्या अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या रंग ओला बसला तर खाली बुडतात आणि छटा गडद होते, कोरडा बसला तर वर राहतात आणि फिकट दिसते. एकाच डब्यातून दोन छटा निघतात त्या अशा.

फवारा २०-२५ सेंटिमीटरवरून, हात बंपरशी समांतर. मनगटातून कमान काढली की मध्ये जाड आणि टोकांना पातळ थर बसतो. फवारा बंपरच्या बाहेर सुरू करायचा, बाहेर संपवायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर चढवायचा. पहिला हात इतका विरळ की प्रायमर आरपार दिसावा. तो बघून धीर सुटतो आणि माणूस तिथेच जाड हात मारतो, ओघळ येतात ते नेमके तेव्हा. तीन-चार विरळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. मास्किंग टेपची कडा सपाट चिकटवली तर रंगाची पायरी उभी राहते, टेप अर्धी उलटी दुमडून ठेवली तर कडा विरघळल्यासारखी संपते. सपाट भागाच्या मधोमध रंग थांबवण्यापेक्षा बंपरच्या नैसर्गिक घडीपर्यंत किंवा कडेपर्यंत नेऊन संपवावा. क्लिअर कोट तर शक्यतो अख्ख्या बंपरवर द्यावा.

क्लिअर कोटच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन. हार्डनर मिसळून वापरायचा टू-के क्लिअर जास्त कडक, जास्त चकचकीत आणि पेट्रोलला दाद न देणारा असतो, यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ती श्वासावाटे गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झालं की पुढे अगदी थोडी मात्राही त्रास देते. साधा कापडी मास्क इथे कुचकामी आहे, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. घरी, गच्चीवर, मुलं आसपास असताना ते करू नये. एकघटकी, म्हणजे वन-के क्लिअर वापरावा आणि तोही वाफेच्या फिल्टरचा मास्क लावून. टू-केच हवा असेल तर रंगापर्यंतचं सगळं घरी करून शेवटचा हात बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्यावा. तयारी नीट असेल तर चांगला पेंटर या कामाला नाही म्हणत नाही.

काही बंपर मात्र घरी दुरुस्त करूच नयेत. मागची बीम किंवा तिच्या टोकाचे धक्का गिळणारे डबे चेपले असतील तर वरून रंग देऊन ते झाकणं म्हणजे पुढच्या अपघाताला माणूस उघडा ठेवणं. बीम ठोकून सरळ करत नाहीत, बदलतात. मागच्या पार्किंग सेन्सरची सक्ती १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना लागू झाली, त्यामुळे मागचा बंपर म्हणजे आता सेन्सरची जागाही आहे. सेन्सरच्या तोंडावर जाड रंग बसला तर अंतर चुकीचं कळतं. बंपरमागे रडार असेल तर त्याच्यासमोर पुट्टी किंवा जाळी घालणं पूर्ण वर्ज्य. दुरुस्तीवर ‘संरक्षण’ म्हणून लोखंडी क्रॅश गार्ड बसवण्याचा विचारही सोडून द्यावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं ते योग्यच होतं. पादचाऱ्याला त्यांनी अधिक जबर मार बसतो आणि धक्का गिळायला बसवलेल्या भागांना वळसा घालून तो सरळ चासीत उतरतो.

विम्याचा हिशोबही आधी करावा. साध्या सर्वंकष पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, शिवाय ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते. झिरो डेप असेल तर घसारा वाचतो, पण एक दावा केला की नो क्लेम बोनस जातो, आणि पाच वर्षं दावा न करणाऱ्याचा तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. कोपऱ्यावरच्या ओरखड्यासाठी दावा करून पुढच्या हप्त्यातली सूट गमावण्यापेक्षा घरची दुरुस्ती स्वस्त पडते. बसवण्याचे कान तीन-चार ठिकाणी तुटले असतील किंवा तडा पूर्ण उंचीभर गेला असेल तर नवा बंपर आणि दावा हाच शहाणपणाचा मार्ग.

रंग झाल्यावर बंपर स्पर्शाला कोरडा लागतो त्याच दिवशी, पण वन-के क्लिअर आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोपर्यंत जेटचा फवारा नको, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवावं. पक्ष्यांची घाण तशीच राहू देऊ नये, कोवळ्या लॅकरला ती लगेच डाग पाडते. खरखर किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत राहिला असेल तर महिन्यानंतर २००० नंबरच्या वॉटर पेपरने भरपूर पाणी वापरून हलकं घासावं आणि रबिंग कंपाउंडने चमक आणावी, कडांवर हात न दाबता, कारण कडेवर थर सर्वांत पातळ असतो. वॅक्स त्यानंतरही महिनाभर थांबून. उरलेला रंग कॅनमध्ये असेल तर कॅन उलटा धरून नळी साफ होईपर्यंत फवारावा, त्यावर रंगाचा कोड आणि महिना लिहावा आणि सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.